हाताने फिरवायचा आईस्क्रीम पॉट: एका उन्हाळ्याच्या वापरानंतर

या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आधी आम्ही पुण्याच्या बोहरी आळीतून हाताने फिरवायचा तीन लिटरचा आईस्क्रीम पॉट घेतला आणि आंबे संपेपर्यंत तो अकरा वेळा वापरला. लाकडी बादली, तिच्यात मधोमध बसणारा धातूचा डबा, डब्यातली पाती आणि वरची दातेरी चाके व हँडल, एवढीच त्याची रचना आहे. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी 1843 साली अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि आजचा पॉट मुळात तेच यंत्र आहे. विजेवर चालणारी यंत्रे बाजारात असताना हा पॉट घ्यावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर स्पष्टपणे होकारार्थी आहे, आणि ज्या घरात शाळेत जाणारे मूल आहे त्या घराने तर तो अवश्य घ्यावा.

आमची मुलगी सहावीत आहे. स्थायू, द्रव आणि वायू यांच्या व्याख्या तिला पाठ होत्या, पण पहिल्याच दिवशी तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या व्याख्यांत नव्हते. मिठाने बर्फ लवकर वितळतो, तर मग आईस्क्रीम गोठवण्यासाठी बर्फात मीठ का घालायचे? आम्ही आधी मीठ न घालता हँडल फिरवून पाहिले. वीस मिनिटांनी दूध गारेगार झाले होते, पण पातळच होते आणि बादलीतल्या थर्मामीटरवर पारा शून्य अंशावर स्थिर होता. नुसत्या वितळत्या बर्फाचे तापमान शून्याखाली जात नाही आणि साखर घातलेले दूध गोठायला सुरुवात होण्यासाठी शून्याच्याही दोन-तीन अंश खाली जावे लागते, त्यामुळे ते कितीही फिरवले तरी गोठणार नव्हते. मग बर्फाच्या थरांमध्ये खडे मीठ पेरले आणि काही मिनिटांत पारा उणे 12 अंशांवर आला.

मिठाच्या पाण्याचा गोठणांक साध्या पाण्यापेक्षा खाली असतो, म्हणून मीठ लागलेला बर्फ शून्य अंशालाही स्थायू राहू शकत नाही आणि वितळू लागतो. वितळण्यासाठी प्रत्येक ग्रॅम बर्फाला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते, म्हणजे तेवढेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापवायला लागते तेवढी. या अप्रकट उष्म्याचा मोठा भाग धातूच्या डब्यातून, म्हणजेच दुधातून, ओढून घेतला जातो. बाहेरचा बर्फ वितळतो म्हणूनच आतले दूध गोठते. मिठाचे प्रमाण नेमके साधले तर हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत जाऊ शकते. घरी सहा किलो बर्फाला दीड किलो मीठ पुरेसे होते.

यावरून वापराबद्दल एक सूचना करावीशी वाटते. अनेक घरांत बादलीतले पाणी वरचेवर ओतून देऊन नवा बर्फ भरण्याची पद्धत आहे, पण ते खारे पाणी बर्फाइतकेच थंड असते आणि खड्यांमधल्या फटी भरून डब्याला सगळीकडून भिडते. ते डब्याच्या झाकणापर्यंत चढू नये इतकेच पाहावे. नेमकी याच ठिकाणी आमच्या पॉटमध्ये खोट निघाली. जादा पाणी वाहून जाण्याचे भोक झाकणाच्या सांध्याच्याही वर पाडलेले होते, त्यामुळे पहिल्या खेपेचा आमरस खारट झाला आणि दोन लिटर मिश्रण फेकून द्यावे लागले. दुकानदाराने दखल घेतली नाही. शेवटी सुताराकडून चार बोटे खाली नवे भोक पाडून घेतले. पॉट घेताना डबा आत बसवून भोक सांध्याच्या खाली आहे ना, हे तिथेच तपासावे.

लाकडाबद्दल मात्र तक्रार नाही. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने आत उणे 12 अंश असतानाही बादलीला बाहेरून हात लावता येतो. नवी बादली आदल्या रात्री पाण्याने भरून ठेवावी, म्हणजे फळ्या फुगून फटी बुजतात.

दूध दीड लिटरचे एक लिटर होईपर्यंत आटवावे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 540 कॅलरी लागतात, म्हणून आटवण्याला गोठवण्यापेक्षा जास्त वेळ जातो, पण पाणी जितके कमी तितके बर्फाचे कण कमी पडतात. डबा दोन तृतीयांशच भरावा, कारण पाती फिरताना मिश्रणात हवा शिरते आणि ते फुगते. बाजारातल्या एक लिटर आईस्क्रीमचे वजन किमान 525 ग्रॅम असावे असा आपल्याकडे नियम आहे, यावरून त्यात किती हवा असू शकते ते कळेल. हाताने फिरवलेल्यात हवा बरीच कमी राहते आणि चमच्याला ते जड लागते. त्या एका चमच्यात बर्फाचे स्थायू कण, न गोठलेला गोड पाक आणि हवेचे बुडबुडे अशा तिन्ही अवस्था एकत्र असतात. पाणी गोठत जाते तसा उरलेला पाक अधिक दाट होतो आणि त्याचा गोठणांक आणखी खाली सरकतो, म्हणून आईस्क्रीम दगडासारखे घट्ट होत नाही.

हे सगळे हँडल धरलेल्या हाताला कळते. सुरुवातीला दूध डचमळल्याचा आवाज येतो, पंधराव्या मिनिटाच्या सुमारास तो थांबतो आणि हँडल जड होऊ लागते, आणि अर्ध्या तासाने दोघांनी मिळूनही ते फिरत नाही. मग पाती काढून, डब्याभोवती पुन्हा बर्फ-मीठ भरून, वर ओले गोणपाट टाकून तासभर मुरू द्यावे.

डबा बाहेर काढून पुसला की मिनिटभरात त्यावर पांढरी साय धरते. हवेतले बाष्प गार धातूवर थेट हिम होऊन बसते. मुलीने त्यावर बोटाने आपले नाव लिहिले आणि अक्षरे पुन्हा पांढरी होईपर्यंत ती पाहत बसली.