राजवाडा आज बंद नव्हता

पांढरा शर्ट, खिशाला पेन, गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र. त्या माणसाचा चेहरा आता आठवत नाही, पण ओळखपत्र आठवतं. त्यावर काय लिहिलंय ते आम्ही दोघींपैकी एकीनेही वाचलं नव्हतं, हेही आठवतं. (थाई लिपीत होतं. वाचायला गेलो असतो तरी कळलं नसतंच.)

मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण चार दिवसांसाठी बँकॉकला गेलो होतो. दोघींचाही पहिलाच परदेश. आम्ही भाबड्या होतो असं कुणी समजू नये. टॅक्सीत बसल्या बसल्या मीटर टाकायला सांगायचं, पासपोर्ट कुणाच्या हाती द्यायचा नाही, पर्स पुढे घ्यायची, सगळं पाठ होतं. टुकटुकवाले, म्हणजे तिथले रिक्षावाले, दुकानात नेतात हेसुद्धा माहीत होतं. तरी ४६,००० बाट (थायलंडचं चलन) घालवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ग्रँड पॅलेस बघायला निघालो. इथे जागेची रचना समजून घ्या, कारण निम्मी फसवणूक त्या जागेतच आहे. राजवाड्याची तटबंदी १,९०० मीटर लांब आहे. मेट्रोच्या सनम चाय स्टेशनवरून चालत आलं की आधी वाट फो हे देऊळ लागतं आणि मग ती पांढरी भिंत सुरू होते. पर्यटकांनी आत जायचं ते उत्तरेकडून, ना फ्रा लान रस्त्यावरच्या दारातून. म्हणजे दक्षिणेकडून येणारा नवखा माणूस बराच वेळ नुसती भिंत आणि बंद दारं बघत चालतो. आमचा पांढरा शर्टवाला अशाच एका दारापाशी उभा होता. तो म्हणाला, "आज बंद आहे," आणि समोरचं दार खरंच बंद होतं.

"आज बौद्ध सण आहे. भिक्षूंची प्रार्थना चालू आहे. परदेशी लोकांना एक वाजल्यानंतर सोडतील." आपण शिक्षक आहोत म्हणाला. कुठून आलात, किती दिवस आहात, पहिल्यांदाच का, हे सगळं त्याने इतक्या आपुलकीने विचारलं की आम्ही खुशाल सगळं सांगून टाकलं. मग त्याने माझ्याच हातातल्या नकाशावर पेनाने तीन गोल केले. एक उभ्या बुद्धाचा, एक छोट्या देवळाचा, आणि तिसरा, जाता जाता केल्यासारखा, 'एक्स्पोर्ट सेंटर'चा. "पांढऱ्या पाटीची टुकटुक घ्या, ती सरकारी असते. चाळीस बाटच्या वर एक पैसा देऊ नका." तेवढ्यात पांढऱ्या पाटीची टुकटुक आलीच.

आपल्याला लुटू पाहणारा माणूस 'जास्त पैसे देऊ नका' असं कशाला सांगेल? आम्ही दोघी त्या एका वाक्यावर विरघळलो.

टुकटुकवाला पोरगेलासा आणि हसरा होता. त्याने आधी आम्हाला वाट इंथरविहानला नेलं. तिथला उभा बुद्ध ३२ मीटर उंच आहे आणि खरंच बघण्यासारखा आहे. इथपर्यंत सगळं अगदी छान होतं. मग गाडी वळवताना तो जरा ओशाळून म्हणाला, "मॅडम, एक विनंती आहे. मधे एका दुकानात दहा मिनिटं जाऊन याल? काही घेऊ नका, नुसतं बघा. गिऱ्हाईक आणलं की मला इंधनाचं कूपन मिळतं."

मैत्रिणीने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. हाच तो टुकटुकवाल्यांचा डाव, आणि तोही यानेच कबूल केलेला! दहा मिनिटं बसायचं, काही घ्यायचं नाही, बिचाऱ्याला कूपन मिळेल. नंतर कितीतरी रात्री मी याच क्षणाचा विचार करत बसले आहे. ते कूपन खरंच असतं. ती लहानशी लबाडी त्याने स्वतःहून उघडी केली, आणि आता याच्या पोटात आणखी काही नाही असं आम्ही धरून चाललो.

दुकानाच्या आधी ते छोटं देऊळ होतं. आत जवळजवळ कुणी नव्हतं. पायरीवर एक गृहस्थ बूट काढून शांत बसले होते. इस्त्रीचे कपडे, हातात चांगलं घड्याळ. आम्ही नमस्कार केला, त्यांनी हात जोडून उत्तर दिलं. बँकेत नोकरी करतो, आज सुट्टी आहे, म्हणाले. म्हणजे सण खरा! मग बोलता बोलता कळलं की ते दुपारी 'शेवटच्या दिवसाच्या' खरेदीला जाणार आहेत. कसली खरेदी, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारलं ते माझ्या मैत्रिणीने. तेव्हा जरा आढेवेढे घेऊन ते म्हणाले की सरकार वर्षातून एकदा रत्नांवरचा निर्यातकर माफ करतं, एरवी ही सवलत व्यापाऱ्यांनाच असते, आणि त्यांनी स्वतः गेल्या वर्षी नीलम घेऊन लंडनला दुप्पट भावाने विकले होते. दुकानाचं नावही आम्हीच विचारून घेतलं. नकाशावरचा तिसरा गोल त्याच जागेचा होता.

आता हिशेब बघा. शिक्षक, टुकटुकवाला, बँकेतला माणूस. तीन वेगळी माणसं, तीन वेगळ्या जागी, एकमेकांना न ओळखणारी, आणि तिघांचं म्हणणं एकच. एखादी बातमी खरी की खोटी हे आपण असंच तर ठरवतो ना?

खरं सांगायचं तर थाई सरकारचं असं कुठलंही रत्नांचं दुकान नाही आणि असली कुठली सवलतही नाही. तिथलं पर्यटन खातं हे वर्षानुवर्षं सांगत आलंय. आम्ही वाचलं नव्हतं. किंवा वाचलं असेलही, पण त्या दिवशी आठवून घ्यायची आमची इच्छा नव्हती. लोभ सुटला होता, हे कबूल करायलाच हवं. सहलीचा खर्च निघेल, असं आम्ही टुकटुकमध्ये एकमेकींना हळू आवाजात सांगत होतो.

दुकानात थंडगार ओले रुमाल आले, सरबत आलं. घासाघीस नाही, आग्रह नाही. बाईंनी चंथाबुरी आणि कांचनाबुरीच्या नीलमांबद्दल सांगितलं, आणि ती माहिती खरी आहे, ते दोन्ही प्रांत रत्नांसाठी प्रसिद्ध आहेत. भिंग हातात दिलं. भिंगातून काय बघायचं ते आम्हाला माहीत नव्हतं, पण दोघींनी आळीपाळीने डोळा बारीक करून बघितलं आणि माना डोलावल्या. दोन खडे, एक तिचा, एक माझा. दाखल्यावर 'नैसर्गिक निळा नीलम', वजन, मापं, शिक्का. कार्डाच्या मशीनवर विचारणा झाली, बाटमध्ये घ्यायचे की तुमच्या चलनात? मी ठसक्यात म्हटलं, "बाटमध्येच!" कारण आपल्या चलनात घेतले की मशीनवाले स्वतःचा वाढीव दर लावतात, हे मला माहीत होतं. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, म्हणतात ते हेच.

खडे त्यांनी आमच्यासमोरच एका डबीत घालून सील केले. "विमानतळावर कटकट नको, आम्ही पोस्टाने विमा उतरवून पाठवतो." केवढी ती काळजी! बँकॉकमध्ये रत्न तपासून देणारी सरकारी संस्था आहे. खडा पर्समध्ये राहिला असता तर आम्ही दुसऱ्या दिवशी तिथे जाऊ शकलो असतो. तो पोस्टात गेला की तपासायला हातात काहीच उरत नाही. हे त्या दोघी शहाण्यांना तेव्हा सुचलं नाही.

बाहेर आलो तर टुकटुक नव्हती. तीन तास फिरवून तो पोरगा चाळीस बाटसुद्धा न घेता निघून गेला होता. मैत्रीण हळहळली, "अगं, बिचाऱ्याचे पैसे राहिले!" मी दोन मिनिटं रस्त्यावर त्याला शोधत होते. भाडं सोडून जाणारा रिक्षावाला जगात कुठे असतो का?

टॅक्सी करून राजवाड्यापाशी पोहोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. या वेळी बरोबर उत्तरेच्या दारापाशी उतरलो. माणसांचे लोंढे आत जात होते आणि बाहेर येत होते. रखवालदाराला विचारलं, सकाळची प्रार्थना संपली का? तो म्हणाला, कसली प्रार्थना? राजवाडा रोज साडेआठला उघडतो. साडेतीनला तिकीट बंद. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका अशी पाटीही तिथेच होती.

आम्ही माणशी ५०० बाट देऊन आत गेलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. राजवाड्यातल्या देवळातला तो हिरव्या पाषाणाचा बुद्ध किती लहान आहे, जेमतेम ६६ सेंटिमीटर, आणि राजा वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की, त्याची वस्त्रं बदलतो, हे सगळं मी तिथे जमिनीवर बसून ऐकलं. डोळ्यांसमोर मात्र कार्डाची पावती होती. मैत्रीण कानाशी येऊन म्हणाली, "तू चौकशी केली होतीस ना दुकानाची?" मी म्हटलं, "मला वाटलं तू केलीस. तू फोनवर काहीतरी बघत होतीस." ती घरी मुलाला फोटो पाठवत होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा, आणि इथे म्हशीही दोन. एकटी असते तर मी नक्की घाबरले असते, आणि घाबरले असते तर वाचले असते असं मला अजूनही वाटतं. दोघी होतो, त्यामुळे दोघींनाही धीर होता आणि डोकं कुणीच चालवलं नाही.

११५५ हा पर्यटक पोलिसांचा नंबर. इंग्रजी चालतं. तिथल्या अधिकाऱ्याला मी निम्मी गोष्ट सांगितली, उरलेली त्यानेच सांगितली. "चाळीस बाट? उभा बुद्ध? देवळात सुट्टीवरचा माणूस?" दुकानाला त्याने फोन लावला. पार्सल रवाना झालंय, असं उत्तर आलं. मग त्याने सरळ सांगितलं की खडा काचेचा निघाला तर ती फसवणूक. खडा खरा निघाला तर अवघड आहे, कारण महाग विकणं हा गुन्हा नाही.

खडा खरा निघाला. पार्सल बाराव्या दिवशी आलं आणि आम्ही ते एका ओळखीच्या रत्नपारख्यांकडे नेलं. माझा खडा त्यांनी उजेडासमोर धरला. शाईच्या थेंबासारखा काळपट, आतून उजेड बाहेरच येईना. मैत्रिणीचा खडा त्यांनी पालथा न करता तसाच वर्तमानपत्रावर ठेवला आणि म्हणाले, "वाचा." मधोमध खालची अक्षरं दिसत होती. खड्याला पुरेशी खोली न देता चपटा कापला की उजेड परत न फिरता आरपार जातो. याला ते 'खिडकी' म्हणतात. चांगल्या कापलेल्या खड्यातून अक्षरं दिसत नाहीत. "नीलम अस्सल आहेत, भट्टीत तापवलेले आहेत, त्यात काही वावगं नाही, बहुतेक तापवलेलेच असतात. फक्त तुम्ही पाचपट दिलेत." दाखल्यावर एकही अक्षर खोटं नव्हतं. किंमत योग्य आहे, असं त्यावर कुठे लिहिलं होतं?

बँकेने तक्रार फेटाळली. सही तुमची, माल मिळाला, वर्णनाप्रमाणे मिळाला. खोटा निघाला असता तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ आली. नीलम सगळ्यांना लाभत नाही म्हणतात, आम्हाला तो बोटात घालण्याआधीच बाधला.

उरलेले दोन दिवस आम्ही कुणाशी धड बोललो नाही. था तियेनच्या धक्क्यावर एका शाळकरी मुलाने वाट अरुण या देवळाकडे जाणारी होडी पलीकडून सुटते असं सांगितलं, तर मैत्रीण त्याच्यावर खेकसली. तो बरोबर होता. आम्ही भलत्याच होडीत बसून नदीच्या वरच्या अंगाला पोहोचलो.

शेवटच्या सकाळी वेळ होता म्हणून त्याच भिंतीकडे गेलो. तेच दार, तसाच पांढरा शर्ट, माणूस मात्र दुसरा. समोर एक तरुण जोडपं नकाशा उघडून उभं होतं आणि पेनाचा पहिला गोल झाला होता. मी जवळजवळ धावतच गेले आणि मोठ्याने म्हटलं, "राजवाडा उघडा आहे! चला, दार त्या बाजूला आहे, आम्ही दाखवतो!"

त्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या माणसाच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. नवऱ्याचा दंड धरून ती मला अगदी नम्रपणे म्हणाली, "नको, थँक यू. आम्हाला गाईड नकोय."

तेवढ्यात टुकटुक आलीच.