नील यंग आणि क्रेझी हॉर्सचा ‘बार्न’: ऐका, पण मोबाईलच्या स्पीकरवर नको

आधीच सांगून टाकतो, हा अल्बम १० डिसेंबर २०२१ चा आहे, म्हणजे ताजा माल नाही, आणि रेटिंग हवंच असेल तर पाचपैकी साडेतीन. ज्यांना एवढ्यावरच कल्टी मारायचीय त्यांनी खुशाल मारा. बाकीच्यांसाठी पुढे लिहितो, कारण साडेतीन मार्क देऊनही माझ्याकडे सगळ्यात जास्त हाच वाजतो आणि साडेचारवाले अल्बम नुसते लायब्ररीत पडून असतात, असं का होतं ते सांगायला जरा जागा लागते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नील यंग हा रॉक गायक आणि गिटारवादक, कॅनडातल्या टोरंटोचा, जन्म १९४५, लहानपणी पोलिओ झालेला. क्रेझी हॉर्स हा त्याच्या साथीचा बँड, त्यांच्यासोबतचा पहिला अल्बम १९६९ चा, म्हणजे पन्नासच्या वर वर्षं झाली आणि ‘बार्न’वरही गडी त्याच पोरांसोबत वाजवतोय, पोरं म्हणजे आता सत्तर-ऐंशीतली. बासवर बिली टॅलबट आणि ड्रमवर राल्फ मोलिना हे दोघं पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या गिटारची खुर्ची मात्र बदलत राहिली. डॅनी व्हिटन १९७२ लाच गेला, मग १९७५ पासून फ्रँक साम्पेड्रो, ज्याला सगळे पाँचो म्हणतात, त्यानंही हात टेकल्यावर २०१८ पासून निल्स लोफग्रेन आला. आला म्हणजे परत आला, कारण १९७० च्या ‘आफ्टर द गोल्ड रश’वर हाच निल्स पोरसवदा वयात वाजवून गेलेला, मधली कित्येक वर्षं अमेरिकन रॉकस्टार ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमध्ये होता. एका बँडमध्ये एक नील आणि एक निल्स, वाचताना गोंधळ होतो, सवय होईल.

आता ‘बार्न’. नावच सांगतंय, कोठार. कोलोरॅडोच्या डोंगरात एकोणिसाव्या शतकातलं लाकडी ओंडक्यांचं एक जुनं कोठार होतं, ते नीट करून घेतलं आणि जून २०२१ मध्ये हे चौघं आत शिरले. बाहेर रेकॉर्डिंगचा ट्रक, आत माईक, अँप्लिफायर, एक पियानो, झालं. मुहूर्त पौर्णिमेचा. हे नीलचं जुनं वेड आहे, पौर्णिमेच्या आसपास रेकॉर्डिंग केलं की गाणी चांगली येतात असं तो मानतो. मी कॅलेंडर काढून बघितलं तर त्या महिन्यातली पौर्णिमा २४ जूनला, म्हणजे आपली वटपौर्णिमा. दुसरी लाट नुकती ओसरत होती, इकडे बायका मास्क लावून वडाला दोरे गुंडाळत होत्या आणि तिकडे हे पंचाहत्तरीतले बुवा गिटारी जोडत होते. निल्स त्याच जूनमध्ये सत्तरीचा झाला, तो यांच्यातला बाळ!

या अल्बमची खरी गंमत आहे आवाजात, आणि ती शब्दात सांगायला अवघड आहे तरी प्रयत्न करतो. आजकाल काय होतं, ड्रम एकीकडे, गिटार दुसरीकडे, गाणारा तिसऱ्याच शहरात, मग कुणीतरी कॉम्प्युटरवर सगळं एका रेषेत बसवतो, चुका पुसतो, सूर सरळ करतो. इथे तसलं काही नाही. चौघं एका खोलीत, एकमेकांकडे बघत, आणि फार घोटून घेतलेलं काही वाटतच नाही. राल्फचा ठेका मधेच रेंगाळतो, बिली त्याची वाट बघतो, मागून कोरस येतो तो जरा इकडेतिकडे असतो. गावातल्या जुन्या भजनी मंडळात कसं असतं, पखवाजवाल्याचा हात आता तेवढा चालत नाही पण बुवा कुठे दम घेणार हे त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक असतं, तसं. ही ओळख पैसे देऊन मिळत नाही. नील यंगनं चांगले चांगले तरबेज वादक घेऊनही अल्बम केलेत, तांत्रिकदृष्ट्या ते यांच्यापेक्षा दहापट सफाईदार आहेत, पण इतका मोकळा तो तिथे वाजवत नाही. चूक झाली तरी मागचे सांभाळून घेणार हे माहीत असलेला माणूस वेगळाच वाजवतो.

आणि त्या कोठाराचा आवाज! लाकडाची खोली असल्यामुळे गिटारचा सूर भिंतीवर आपटून कर्कश परत येत नाही, जरा गोल होऊन येतो. निर्मितीत नीलसोबत निको बोलास आहे, यांची जोडी स्वतःला ‘व्हॉल्यूम डीलर्स’ म्हणवते, नावाला जागतात.

गाण्यांकडे येऊ. एकूण दहा, पाऊण तासाच्या आत सगळं संपतं. सुरुवात ‘साँग ऑफ द सीझन्स’नं, साधी अकूस्टिक गिटार, माउथ ऑर्गन आणि त्यात निल्सचा अकॉर्डियन. मी वाट बघत होतो धडाधड सुरुवातीची आणि हे आलं शांत, पण दोन मिनिटांत धरून ठेवतं. मग लगेच ‘हेडिंग वेस्ट’, इथे विजेची गिटार आणि पूर्ण बँड, विषय त्याच्या लहानपणाचा, आईबाप वेगळे झाल्यावर आईसोबत पश्चिमेकडे विनिपेगला निघाला त्या प्रवासाचा. विषय दुःखाचा आहे पण गाणं रडत नाही, उलट गाडीची काच खाली करून हायवेला लागल्यासारखं मोकळं आहे, हे मला फार आवडलं. ‘कॅनेरिकन’ म्हणजे कॅनेडियन आणि अमेरिकन, २०२० मध्ये त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्यावर. गाणं ठीक, गिटार मस्त.

‘दे माईट बी लॉस्ट’वर मात्र मी थांबलो. एक माणूस बसलाय, माल न्यायला पोरं यायचीत, अजून आली नाहीत, बहुतेक रस्ता चुकली असतील. एवढंच गाणं! मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, माझं निम्मं आयुष्य याच वाक्यात गेलंय. गाडी सकाळी लागणार म्हणून गठ्ठे दाराशी आणून ठेवायचे, बिल्टी तयार, हमाल तंबाखू मळत बसलेले, आणि ड्रायव्हरला फोन लावला की ठरलेलं उत्तर, ‘मोहोळ सोडलं साहेब’. तासाभरानं परत फोन, तरी मोहोळच सोडलेलं असतं. त्या रिकाम्या वेळात माणूस जे काय काय आठवत बसतो, जुने दिवस, सोडून गेलेली मंडळी, ते सगळं या गाण्यात आहे आणि कुठेही ‘आता मी म्हातारा झालो’ वगैरे भाषण नाही. रॉकमध्ये ट्रकची वाट बघण्यावर गाणं लिहायला पंचाहत्तरी गाठावी लागते बहुतेक.

एक प्रॅक्टिकल सूचना. यात एक ‘शेप ऑफ यू’ नावाचं गाणं आहे. ॲपमध्ये नुसतं नाव टाकाल तर ते एड शीरनचं जगप्रसिद्ध गाणं समोर येईल आणि घरातली पोरं नाचायला लागतील. नीलचं नाव सोबत टाका. गाणं पियानोवरचं, हलकंफुलकं, बायकोवरचं वाटतं. बायको म्हणजे अभिनेत्री डॅरिल हॅना, तिनंच या रेकॉर्डिंगवर ‘बार्न’ नावाचीच फिल्म केलीय, बघायला मिळाली तर जरूर बघा, चौघांच्या चेहऱ्यावरचं हसू बघून अल्बम अजून कळतो.

आता तक्रार. ‘चेंज एन्ट नेव्हर गॉना’ हे गाणं मी प्रत्येक वेळी पुढे ढकलतो. पर्यावरण, माणसं बदलायला तयार नाहीत, मुद्दे सगळे मान्य हो, पण गाणं पेपरातल्या वाचकांच्या पत्रासारखं वाटतं. नील यंगचा हा जुना रोग आहे, मुद्दा तापला की चाल थंड पडते. त्यात मजा अशी की ‘ह्युमन रेस’चा विषयही तोच, आगी, पूर, पुढच्या पोरांचं काय, पण तिथे तो सांगत नाही, ओरडतो, त्याची ती काळ्या रंगानं रंगवलेली १९५३ ची लेस पॉल गिटार, ‘ओल्ड ब्लॅक’, अक्षरशः किंचाळते आणि मागे बिली-राल्फ एकच ठोका घेऊन रेटत राहतात. मे महिन्यात दुपारी पारा त्रेचाळीसच्या वर, पंखा गरम हवा फेकतोय आणि लाईट जायच्या बेतात, अशा वेळी सोलापुरात बसून हे गाणं ऐकलं की उपदेश वाटत नाही, बातमी वाटते. माझ्या एका मित्राला ऐकवलं, तो म्हणाला, ‘काय ओरडलालंय बे हे म्हातारं!’ म्हणालो, शेवटपर्यंत ऐक. ऐकलं त्यानं. आवडलं नाही म्हणाला, पण आवाज कमी कर असंही म्हणाला नाही.

आणि मग ‘वेलकम बॅक’. साडेआठ मिनिटांच्या आसपासचं आहे आणि अर्धा अल्बम एका पारड्यात, हे दुसऱ्या. इथे कुणीच जोर लावत नाही. नील जवळजवळ पुटपुटतो, दोन गिटारी एकमेकींना वाट देत, एक बोलली की दुसरी गप्प, मधे नुसती खोलीची शांतता ऐकू येते, अँप्लिफायरची बारीक घरघरसुद्धा. आता पेटणार, आता पेटणार असं वाटत राहतं आणि तो पेटवत नाही. तिशीत असता तर पेटवलं असतं. मधेच गिटारचा एखादा सूर धरतो, तो लांबतो, थोडा फाटतो, आणि राल्फ झांजेवर इतका हळू हात ठेवतो की मोबाईलवर ऐकलात तर तो वाजवतोय हेच कळणार नाही. म्हणून वर लिहिलंय, मोबाईलच्या स्पीकरवर नको. महागडी सिस्टीम लागते असं नाही, माझ्याकडे असेंबल केलेला जुना अँप आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर आहेत, तेवढं पुरतं. नाहीतर बरे हेडफोन घ्या. फक्त आपल्याकडे मिरवणुकीतल्या डॉल्बीमुळे छाती हादरवणारा बेस म्हणजेच भारी आवाज असं डोक्यात बसलंय, ते बेस वाढवायचं बटण आधी बंद करा, नाहीतर बिलीचा बास सगळ्यावर बसेल.

उरलेली दोन, ‘टम्बलिन थ्रू द इयर्स’ आणि शेवटचं ‘डोन्ट फरगेट लव्ह’, बरी आहेत. गोड आहेत. मला शेवट ‘वेलकम बॅक’वर आवडला असता.

याच मंडळींच्या आजूबाजूच्या अल्बमांशी तुलना विचाराल तर २०१९ चा ‘कोलोरॅडो’ जास्त खडबडीत आहे, त्यात तेरा मिनिटांचं एक गाणं आहे जे मला आठव्या मिनिटाला नको होतं. २०२२ चा ‘वर्ल्ड रेकॉर्ड’ रिक रुबिन या निर्मात्यासोबत केलेला, चाली छान पण गिटार कमी, हार्मोनियमचा भाऊ शोभेल असा पायानं भाता मारायचा ऑर्गन जास्त. पहिल्यांदाच ऐकणार असाल तर तिघांत ‘बार्न’च घ्या. अगदीच वेड लागलं तर २०१२ चा ‘सायकेडेलिक पिल’ लावा, पहिलंच गाणं सत्तावीस मिनिटांचं आहे, सोलापूरहून गाडी सुटल्यावर लावलं तर मोहोळ जवळ येईपर्यंत चालतं (ड्रायव्हरचं नाही, खरं मोहोळ).

कुठे ऐकायचा? अल्बम आल्यावर दीड महिन्यातच, जानेवारी २०२२ मध्ये, नीलनं कोविडबद्दलच्या चुकीच्या माहितीवरून स्पॉटिफायवरच्या जो रोगनच्या पॉडकास्टला विरोध म्हणून तिथून आपली गाणी काढून घेतली होती, त्यामुळे तेव्हा बऱ्याच जणांच्या यादीतून हा गायबच झाला. मार्च २०२४ मध्ये तो परत यायला तयार झाला, तेव्हा जुनी प्लेलिस्ट रिकामी दिसत असेल तर परत शोधा. त्याची स्वतःची ‘नील यंग अर्काइव्ह्ज’ ही साईट आहे, आवाजाची क्वालिटी तिथे सगळ्यात वरची, पण डेटा भरपूर खातं, वायफाय असेल तरच त्या वाटेला जा. रेकॉर्ड, म्हणजे तबकडी, हवी असेल तर बाहेरून मागवावी लागते आणि पोस्टेज जोडलं की किंमत तबकडीची की विमानाची तेच कळत नाही. मी मागवलेली नाही, मागवणारही नाही. पहिल्यांदा लावताना एक, दोन, सात आणि नऊ नंबर आधी ऐका, मग सवडीनं बाकीची. तीन नंबर लावायची घाई नाही.