कयाकवरचा कॅमेरा आणि प्लंबरकडचा उरलेला पाइप

पहाटे गोव्यात चोपड्याला कयाक (वल्ह्याची छोटी होडी) पाण्यात सोडायची, ओहोटी लागली की शिवोलीच्या पुलाच्या बाजूला जाऊन चोणक माशासाठी लूर, म्हणजे नकली आमिष, फेकत बसायचं, हा माझा जुना नेम. चोणक गरीला लागला की दोन्ही हात रॉडवर असतात. कॅमेरा धरायला तिसरा हात कुठून आणणार? म्हणून गोप्रो हिरो ९ घेतल्यापासून तो कयाकवर आपला आपण उभा राहावा यासाठी मी घरी काय काय करून पाहिलं, ते इथे लिहितोय. एक सबंध हंगाम खाऱ्या पाण्यात वापरून झाल्यावरचं हे मत आहे.

सुरुवात अर्थातच चिकटपट्टीच्या माउंटने, म्हणजे कॅमेरा बसवायच्या आधाराने, केली. पृष्ठभाग स्पिरिटने पुसला, माउंट दाबून बसवलं, २४ तास हात लावला नाही. पहिल्या दोन फेऱ्या उत्तम झाल्या. तिसऱ्या फेरीत पुलाच्या खांबाजवळ वळताना वल्ह्याचा जरासा धक्का लागला आणि कॅमेरा, माउंट, चिकटपट्टी असं सगळं एकदम पाण्यात गेलं. मी कॅमेऱ्याला आधीच ब्रेडची (मासेमारीची विणलेली) दोरी बांधली होती, म्हणून आज हे लिहू शकतोय. घरी येऊन पाहिलं तर पट्टीचा गोंद जसाच्या तसा पट्टीवर होता आणि कयाकवर त्याचा मागमूस नव्हता. दोष गोंदाचा नाही. आपल्या बहुतेक कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि त्या प्लॅस्टिकला गोंद धरतच नाही. तीच पट्टी माझ्या हेल्मेटवर दीड वर्ष दगडासारखी बसली आहे. कयाकवर मात्र चिकटवण्याच्या भरवशावर राहू नका.

रॉडवर केबल टायने बांधायचा प्रयोग एका सकाळीच सोडला. कॅमेऱ्याचं वजन १५८ ग्रॅम. तेवढं रॉडवर आलं की फेकीचा तोलच जातो.

लाइफ जॅकेटच्या खांद्यावरचं माउंट बरं निघालं. भाजी चिरायच्या जुन्या प्लॅस्टिक बोर्डाचा पत्त्याएवढा तुकडा कापला, त्याला चार कोपऱ्यांना भोकं पाडली आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका चांभारदादांकडून तो जॅकेटच्या पट्ट्यावर शिवून घेतला. त्यांनी मेण लावलेला नायलॉनचा दोरा वापरला आणि प्रत्येक भोकातून तीनदा काढला. टाका फक्त पट्ट्यावरच घ्यायला लावा. आतल्या फोमच्या भागाला सुई लागता कामा नये, शेवटी ते जॅकेट जीव वाचवायला आहे. चित्रीकरण मात्र मला पूर्ण पटलं नाही. मी मान वळवली की खांदा वळतो, आणि मासा नेमका चौकटीबाहेर उडी मारतो.

आता खरं माउंट. आमच्याकडे नळाचं काम करून गेलेल्या प्लंबरने ३२ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा मागे ठेवला होता. माझ्या कयाकला बैठकीच्या मागे रॉड होल्डर आहे. त्यात हा पाइप सैल बसत होता, म्हणून खालच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब पिळून गुंडाळली. आता तो दाबून, फिरवत घालावा लागतो आणि काढताना चक्क ओढावा लागतो. वरच्या टोकाला एंड कॅप, कॅपच्या मधोमध भोक, आतून वर आलेला बोल्ट आणि त्यावर ट्रायपॉडचा अडॅप्टर, म्हणजे कॅमेरा बोल्टवर बसवायचा जोड. कॅप बसवायच्या आधी बोल्ट आत घाला. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावून कॅप एकदा बसली की परत निघत नाही.

बोल्ट घेताना दुकानात नीट सांगा: पाव इंची हवा. ट्रायपॉडचे आटे पाव इंचाचे, इंचाला २० असतात. ६ मिलिमीटरचा बोल्ट दिसायला तसाच, पण दोन-तीन फेऱ्यांत अडकतो आणि जोर केला की अडॅप्टरचे आटे जातात. स्टेनलेसचाच घ्या. मी पहिल्यांदा साधा गॅल्व्हनाइज्ड लावला होता. महिन्याभरात त्याच्या डोक्याभोवती तांबडं कडं आलं आणि नट पान्यानेही हलेना.

पाइप आधी ९० सेंटिमीटर ठेवला होता. उंचीवरून पाणी, रॉड, मी, सगळं छान दिसायचं, पण चित्र बारीक थरथरायचं. कयाक डुलते तो मोठा, संथ झोका कॅमेरा आतल्या आत सांभाळून घेतो. पाइपची बारीक थरथर त्याला सांभाळता येत नाही. मग पाइप ६५ वर आणला आणि आत जेमतेम शिरेल असा वाळलेला बांबू ठोकला. फरक लगेच दिसला. वल्हं मारताना पूर्वी पुलाचे कठडे लाटेसारखे दिसायचे, आता सरळ दिसतात.

कॅमेरा वाऱ्याने हळूहळू फिरतो, ही दुसरी तक्रार होती. अडॅप्टरखाली हवाई चप्पलच्या तळव्याची पातळ चकती घातली आणि खालून नट घट्ट आवळला. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या, बोटांसारख्या जोडपट्ट्यांमध्ये येणारा स्क्रू ५ मिलिमीटरचा असतो. त्याजागी मी ५ मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) लावला. हाताने आवळायचा स्क्रू जास्त सोयीचा, हे मान्य. पण दोन तासांच्या फेरीनंतर तो मला प्रत्येक वेळी अर्धा आटा सैल सापडला, नायलॉक एकदाही नाही.

दोरी मात्र अजूनही बांधतो, आणि तिचं दुसरं टोक पाइपला नाही, कयाकच्या कड्याला. पाइपच निसटला तर पाइपला बांधलेल्या दोरीचा काय उपयोग? शिवाय जाळ्याला लावतात तसे दोन छोटे फ्लोट, म्हणजे तरंगते गोळे, कॅमेऱ्याला अडकवले आहेत. आधी बादलीत सोडून पाहिलं. एका फ्लोटवर कॅमेरा बुडत होता, दोन लावल्यावर तरंगला. तुमच्या कॅमेऱ्याची परीक्षा घरच्या बादलीतच घ्या.

पाइप फुकटचा धरला तर बोल्ट, कॅप, सोल्युशन मिळून ₹३०० च्या आत काम झालं. परत आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुतो आणि दर दोन-तीनदा उघडल्यावर नायलॉक नट नवा घालतो. आतलं नायलॉन झिजलं की तो साध्या नटासारखाच सुटतो.