पोलो जीटी टीएसआयसाठी फ्लो-फॉर्म्ड चाकं: कोकणातल्या रस्त्यांवर घ्यावीत का?

फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयसारखी गाडी हलकी करायची म्हटलं की आधी डोळा जातो स्टेपनीवर, मग मागच्या सीटवर, मग कार्पेटखालच्या, आवाज दाबणाऱ्या डॅम्पिंग शीटवर. रोज चिपळूण-रत्नागिरी धावणाऱ्या गाडीतून यातलं काहीही काढू नये. मागची सीट गेली की आरसी बुकातली आसनसंख्या गाडीशी जुळत नाही. शीट किंवा गाडीच्या बुडाचं अंडरकोटिंग खरवडलं की खारा वारा आणि पावसाचं पाणी थेट पत्र्याला भिडतं. आणि आंबा घाटात रात्री टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटली तर पंक्चर किट निरुपयोगी. ते फक्त ट्रेडमधल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, भोकासाठी असतं. रोजच्या गाडीचं वजन उतरवायची खरी जागा चाक आहे.

फ्लो-फॉर्म्ड रिममध्ये मधला भाग साध्या अलॉयसारखा ओतलेला असतो, पण बाहेरचं कडं गरम करून, फिरवत, रोलरने दाबून ताणलेलं असतं. त्यामुळे धातू घट्ट होतो आणि कडं पातळ ठेवता येतं. एन्काई ही जपानी चाक-कंपनी याच पद्धतीला मॅट म्हणते. त्यांचं आरपीएफ१ हे यातलं नावाजलेलं चाक. साधी १६ इंची कास्ट, म्हणजे नुसती ओतलेली, रिम ८ ते १० किलोची, चांगली १५ इंची फ्लो-फॉर्म्ड साधारण साडेसहाची. दुकानात वजनकाटा मागायला लाजू नये. कास्ट रिमवर फ्लो-फॉर्म्डचं स्टिकर चिकटवलं असेल तर ते काट्यावरच उघडं पडतं. मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल (जपानी मानक) किंवा आयएस ९४३६ (भारतीय मानक) ची खूण आणि कमाल भाराचा आकडा ओतलेला नसेल, तर रिम कितीही हलकी असो, परत ठेवावी.

मापाच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: रिम १५ इंच, साडेसहा इंच रुंदीची, टायर १९५/६० आर१५ (१९५ मिमी रुंद, साइडवॉल रुंदीच्या ६० टक्के, १५ इंची रिमसाठी). जीटीच्या मूळ १९५/५५ आर१६ चा व्यास ६२१ मिमी, याचा ६१५; स्पीडोमीटरमध्ये जेमतेम एक टक्क्याचा फरक. बदल्यात साइडवॉल १०७ वरून ११७ मिमी होते, आणि हायवेवरच्या डायव्हर्जनला काँक्रीट संपून खड्डा सुरू होतो तिथे हे दहा मिमी रिम वाचवतात. सात इंची रिम दिसायला भरदार, पण १९५ च्या टायरला ती शेवटची मर्यादा. टायर ताणला जातो, रिमची कड उघडी पडते आणि जांभ्याचा पहिला दगड तिलाच लागतो. १७ इंचाचा विचार इथे करूच नये.

खरी गफलत फिटिंगला होते. पोलोचा पीसीडी ५×१०० (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), मधलं भोक ५७.१ मिमी, बोल्ट एम१४×१.५ (१४ मिमी जाड, दीड मिमीचे आटे). फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, तर बाजारातल्या बहुतेक रिमना ६० अंशांची शंकूसारखी बैठक. गोल बोल्ट शंकूत घातला तर तो बैठकीला फक्त एका बारीक रेघेवर टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, चार दिवसांनी बोल्ट सैल. रिमसोबत शंकूचे वीस बोल्ट घ्यावेतच. ते हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात, निदान नऊ फेरे शिरले पाहिजेत. पण फार लांब असतील तर मागच्या ब्रेक ड्रममध्ये आत घासतात, म्हणून बसवल्यावर चाक हाताने फिरवून कान द्यावा. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा जोर, १२० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच, आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा.

रिमचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली फट भरायला हब रिंग लागते. प्लास्टिकची रिंग घाट उतरताना ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडू शकते. अ‍ॅल्युमिनियमची टिकते, पण खाऱ्या हवेत लोखंडी हबला चिकटून बसते. आम्ही अ‍ॅल्युमिनियमची घेऊ, आणि हबचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्यावर चिकटू न देणाऱ्या सिरॅमिक पेस्टचा पातळ हात देऊ. बोल्टच्या आट्यांना मात्र पेस्ट लावू नये. टॉर्कचा आकडा तोच दिसतो, बोल्टवरचा ताण भलताच वाढतो.

फिनिश पूर्ण रंगवलेलं घ्या, डायमंड-कट, म्हणजे दर्शनी धातू घासून चकचकीत ठेवलेलं, नको. आरे-वारेच्या रस्त्यावर समुद्राचे तुषार गाडीवर येतात. घासलेल्या चकचकीत कडेला एक खडा लागला की क्लिअर कोटच्या पारदर्शक थराखाली पांढरी, केसासारखी बारीक रेघ सरकायला लागते, आणि पावसाळा सरेपर्यंत तिच्या फांद्या स्पोकपर्यंत पोचतात. बॅलन्सिंगची वजनंही कडेला ठोकायची नाहीत, आतून चिकटवायची; आधी जागा स्पिरिटने पुसायची, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसातच ती गळून जातात.

रस्त्यावर काय मिळतं? चार चाकांत मिळून दहा किलोच्या आसपास उतरतात. फिरणारं वजन असल्याने वेग घेताना ते पंधराएक किलोसारखं मोजलं जातं, तरी ११०० किलोच्या गाडीत पिकअप जाणवण्याइतका वाढणार नाही. फरक आहे तो सस्पेन्शनमध्ये. खराब पॅचवर चाक उसळून लगेच जमिनीवर येतं, कुंभार्लीच्या वळणांत पुढचा भाग नेमका वळतो, स्टिअरिंग हलकं न होता चटपटीत होतं. रोज चालवणाऱ्याला एवढ्यासाठी हा खर्च पटावा.

आणखी दहाएक किलो हवे असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. पण चार्जिंग व्होल्टेज १४.६ च्या वर जात नाही हे मीटरने तपासल्याशिवाय ती बसवू नये.

स्टेपनी स्टीलची आणि मूळचीच राहणार, तेव्हा तिला गोल बुडाचेच बोल्ट लागतात. जुने पाच बोल्ट पिशवीत घालून डिकीत जॅकशेजारी ठेवावेत.