सवाना म्हणून घेतली, घोरपड निघाली

सांगलीच्या एसटी स्टँडवर मिठाईच्या खोक्यातून जे जनावर माझ्या हातात पडलं, त्यासाठी मी 12 हजार रुपये मोजले होते. तसलं जनावर आपल्याकडे उसाच्या बांधावर फुकट फिरतं, हे पुढं मला सहावीतल्या एका पोरानं सांगितलं. मी विज्ञानाचा शिक्षक आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

सुट्टीच्या दिवशी मी आसपासच्या शाळांत सरपटणाऱ्या प्राण्यांवर बोलायला जातो. पूर्वी आमच्यातले काही जण पोत्यातून सापच घेऊन जायचे. कायद्यात ते बसत नाही. शिराळ्याच्या जिवंत नागांवरसुद्धा न्यायालयानं बंधन घातलं, तिथं आमची काय कथा. पण नुसत्या चित्रांवर पोरं जांभया देतात. म्हणून वाटलं, एखादा परदेशी सरडा पाळावा. त्यातल्या त्यात बिअर्डेड ड्रॅगन मला पटला होता. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, दिवसा जागा असतो, दीड-दोन फुटांपलीकडे वाढत नाही आणि सवय झाली की हातावर निवांत बसतो. लेपर्ड गेको दिसायला गोड, पण रात्रीचा प्राणी आणि घाबरला तर शेपूट टाकून देतो. वर्गात शेपूट पडली तर पुढचा तास त्या वळवळत्या शेपटीचाच. इग्वाना पाच-सहा फुटांपर्यंत जातो आणि शेपटीचा फटका देतो. एवढा अभ्यास केलेला माणूस फसला, हे लक्षात ठेवा.

विक्रेता मोबाइलवरच भेटला. बोलायला लाघवी, प्रत्येक वाक्यात ‘सर’. निम्मे पैसे आधी घेतले आणि दोन दिवसांनी म्हणाला, “सर, ड्रॅगनचा लॉट संपला. तुम्ही मुलांसाठी करताय म्हणून त्याच भावात सवाना मॉनिटर देतो, आफ्रिकेचा. एकदम माणसाळलेला.” सवाना म्हणजे आपल्या घोरपडीचाच आफ्रिकी भाऊबंद. सोबत व्हिडिओ आला. तळहातावर पिल्लू डोळे मिटून गप पडलेलं. मी विरघळलो.

कागद मागितला, तोही लगेच आला. ‘परिवेश’ या केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या पोर्टलचं नाव, शिक्का, नोंदणी क्रमांक. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम 2024 साली आले आहेत आणि सवाना ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे त्याची नोंदणी लागतेच, एवढं मला माहीत होतं. म्हणून कागद बघून मी निर्धास्त झालो. प्राण्याच्या नावाची ओळ बाकी मजकुरापेक्षा जाड अक्षरात आहे, हे नंतर दिसलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी पक्ष्याच्या कागदावर ती ओळ डकवली होती.

आता ‘माणसाळलेला’ म्हणजे काय ते सांगतो, कारण खरी मेख तिथं आहे. सरड्याचं रक्त बाहेरच्या हवेवर तापतं. जानेवारीच्या थंडीत रात्रभर गाडीच्या डिकीत प्रवास केलेलं, उपाशी, तहानलेलं पिल्लू हलणार कसं? ते गारठून गप होतं आणि आपण म्हणतो, किती शांत! मी घरी पेटीत एका कोपऱ्याला ऊब दिली, पाणी ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते टुणटुणीत झालं. हात घातला तसं गळा फुगवून फुसफुसलं, शेपटी फाटकन मारली, अंगठ्याला चावलं. विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, “नवीन जागा आहे सर, रुळेल.”

रुळलं नाही, तरी तासगावकडच्या एका शाळेत मी पेटी घेऊन गेलो. झाकण उघडू दिलं नाही, एवढं एक शहाणपण केलं. अशा प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, हात साबणानं धुवायचे, पाच वर्षांखालच्या मुलांनी शिवायचंच नाही, हे सगळं बोलून झालं. मग ऐटीत म्हणालो, “हा आफ्रिकेतून आलाय.” मागच्या बाकावरून आवाज आला, “न्हाई ओ सर. ही घोरपड हाय. आमच्या विहिरीपाशी असत्यात.”

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येऊन नीट पाहिलं. सवाना बुटका, बोजड. मान जाड, मानेवरचे खवले मोठे आणि भरड. हे पिल्लू सडपातळ, अंगापेक्षा लांब आणि बाजूंनी चपटी शेपूट. तानाजीच्या गोष्टीतली यशवंती मी दरवर्षी रंगवून सांगतो, आणि घरातली घोरपड मला ओळखता आली नाही.

घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, सातपर्यंत, वर दंड. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून भागेल, अशी आशा वाटेना. ती रात्र मी झोपलो नाही. रानात सोडून द्यावं, असं बायको म्हणाली. मलाही मोह झाला. पण मग विकणारा मोकळाच राहिला असता. सकाळी वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन केला. खोकं, कागद, चॅट, पैसे पाठवल्याच्या नोंदी, सगळं घेऊन गेलो. पंचनामा झाला, जबाब झाला, पिल्लू त्यांच्या ताब्यात गेलं. त्या जबाबावर सही करताना हात थरथरत होता, ते लपवत नाही. पैशांची तक्रार सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर केली. रुपया परत आलेला नाही.

मी ‘कागद आहे का’ एवढंच विचारलं. प्राण्याचा उजेडात, वरून आणि बाजूनं काढलेला फोटो मागितला असता, तो जाणकाराला दाखवला असता, तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता. आणि प्राणी उबेत असताना, खाताना, पळताना प्रत्यक्ष बघायचा. बसस्टँडवर, खोक्यात नाही.

आता मी सापाची कात, मातीची घोरपड आणि खऱ्या घोरपडीच्या पायांच्या ठशांचे प्लास्टरचे साचे घेऊन जातो. पोरं ठसा स्वतःच्या तळहाताशी लावून बघतात. त्या मागच्या बाकावरच्या पोराला मी पुढं बोलावून घोरपडीबद्दल बोलायला लावलं. माझ्यापेक्षा बरं बोललं.

परवा एका मित्रानं स्क्रीनशॉट पाठवला. नंबर नवा, पण फोटोत तळहात तोच, करंगळीवरच्या जुन्या व्रणासकट. खाली लिहिलंय : ‘सवाना बेबी, एकदम माणसाळलेले, शेवटचे 2.’ तो स्क्रीनशॉट मी वनविभागाला पाठवला आहे.