माजी सैनिक घरपट्टी माफी: सैनिक ऑफिसला पाच स्टार, पालिकेच्या खिडकीला दोन

योजना चांगली आहे हे आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतील फुकट मिळतंय तरी कुरकुर करतो. माजी सैनिकाच्या एका घराची घरपट्टी माफ, बाळासाहेब ठाकरेंच्या नावाने 2020 ला सरकारने काढलेली, खेड्यात ग्रामपंचायत आणि शहरात पालिका दोन्हीकडे चालते. आमचे आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, घर त्यांच्याच नावावर, म्हटलं करून टाकू.

जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाचपैकी पाच. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), ओळखपत्र, आधार, घरपट्टीची जुनी पावती एवढं बघितलं आणि पालिकेत द्यायच्या दाखल्याचं काम मार्गी लागलं, आणि बोलणं कसं तर, "बसा आबा, आधी चहा ल्या, मंग कागद देखूत". समोरचा माणूस पण फौजेतलाच निघाला, मग काय, युनिट कुठलं, पोस्टिंग कुठं, दोघं असे रंगले की मी आपला घड्याळ बघत बसलो.

आता पालिका. नाव घेत नाही, तापीकडची कुठलीही समजा. खिडकीवरचे भाऊसाहेब म्हणे असा जीआर (सरकारी निर्णयाचा कागद) आलाय का? मोबाइलवर दाखवला तर प्रिंट आणा, प्रिंट नेली तर साहेब मीटिंगला, साहेब सापडले तर म्हणे हे फक्त शौर्यपदकवाल्यांना नि सैनिकांच्या विधवांना असतं. अहो तो जुना नियम, 2020 ला सगळ्या माजी सैनिकांना लागू झाला, तेच तर कागदावर लिहिलंय! आबा काही बोलले नाहीत, ताठ उभे राहिले, खुर्ची कुणी दिली नाही. दोन स्टार पण जास्तच झाले, एक त्या शिपाईदादाचा आहे ज्याने शेवटी फाईल शोधून दिली.

आणि हीच मंडळी 15 ऑगस्टला बॅनर लावतात, 7 डिसेंबरला सैनिकांसाठी ध्वजदिनाच्या निधीचा डबा फिरवतात (हा दिवस 1949 पासून आहे बरं का). सातारकरांचं बघा, अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी लागलंय, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं गेली आणि इंग्रजांनीसुद्धा तिथे दगड लावून ठेवला. आपल्या खान्देशाचं फौजेशी नातं काही कमी आहे का? धरणगावला 1825 ला उट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी 1949 ची, वरणगावची 1964 ची, फौजेच्या इन्सास रायफलची गोळी वरणगावला बनते, पण बाहेरच्याला विचारलं तर भुसावळ म्हणजे जंक्शन आणि केळी. 2023 ला मेरी माटी मेरा देश मोहिमेत गावोगाव वीरांच्या नावांचे शिलाफलक लागले ते बरं झालं, मला वाईट वाटत नाही, पण फलकाला हार घालणं सोपं असतं, खिडकीवर म्हाताऱ्या हवालदाराला बसा म्हणणं त्याहून सोपं असून होत नाही. माझ्या मते शहराने फौजेचा मान ठेवला की नाही हे त्या खिडकीवरच कळतं, चौकात नाही.

असो, काम झालं. बिलातून घरपट्टी गेली, पाणीपट्टी वेगळी आहे ती भरावीच लागते, तिथे वाद घालू नका.

जाणार असाल तर जीआरची प्रिंट दोन प्रतीत न्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्याच, तोंडी सांगितलेलं तिथे कुणालाच आठवत नाही. दुसऱ्या घराला हा फायदा घेत नाही असं स्वयंघोषणापत्र लिहून ठेवा. आणि ज्यांनी घर आधीच पोरांच्या नावावर करून टाकलंय त्यांनी पालिकेत जाण्याआधी सैनिक ऑफिसला विचारून घ्या, तिथे नीट सांगतात आणि चहा पण मिळतो.