न्यूट्रलला थरथरणारी गाडी: आधी मिस्त्री, स्कॅनर की नोझलची बेंच?

सावद्याहून केळी भरून ट्रक वजनकाट्यावर उभा राहतो आणि केबिन अशी थरथरते की आरशात मागचं धड दिसत नाही. रेस दिली की सगळं सुरळीत. ड्रायव्हर सांगतो, "भाऊ, चालताना काहीच नाही, उभी राहिली की मिसिंग मारते." म्हणजे एखादा सिलेंडर मधूनमधून चुकतो. माल नाशवंत असतो आणि मालकापुढे तीन दारं असतात: नेहमीचा मिस्त्री, स्कॅनरवाला, किंवा पंप-नोझलची बेंच, म्हणजे डिझेल पंप आणि सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल तपासायचं यंत्र असलेलं दुकान. माझ्याकडे मेकॅनिकल पंपाची एक जुनी गाडी आहे आणि कॉमन रेलची एक. या दोघींपायी तिन्ही दारं मी झिजवली आहेत. माझं मत असं की आधी इंजिन ओळखावं, दार मग निवडावं.

आरसी बुकातलं वर्ष बघून ठरवू नका. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हा प्रदूषणाचा नियम आला खरा, पण बीएस-४ च्याही काही ट्रकना मेकॅनिकल पंपच होता. त्यापेक्षा केबिन उचलून बघा. पंपापासून प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र नळी गेली असेल आणि नोझलवर वायर नसेल, तर गाडी मेकॅनिकल. पंपातलं डिझेल आधी एका जाड आडव्या नळीत जात असेल आणि प्रत्येक इंजेक्टरच्या (इथलं नोझल) डोक्यावर वायरचा सॉकेट असेल, तर कॉमन रेल.

मेकॅनिकल गाडी असेल तर स्कॅनरवर एक रुपयाही घालू नका. तिथे पाना आणि कान, एवढंच लागतं. इंजिन चालू ठेवून मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट थोडा सैल करतो. आवाज बसला, इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलेंडर काम करत होता. नट सैल करूनही काहीच फरक पडला नाही, तर दोषी तोच. मग तेवढंच नोझल बेंचवर न्यायचं. ते ठरलेल्या दाबाला उघडतं का (बऱ्याच जुन्या इंजिनांत हा दाब २०० ते २५० बारच्या आसपास असतो), फवारा धुक्यासारखा येतो की धार लागते, टोकाला थेंब लोंबतो का, हे तुमच्या डोळ्यांदेखत दिसतं. पूर्ण पंप उतरवायचं शेवटी ठेवा, कारण तो बसवताना टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) पुन्हा लावावं लागतं. आणि कोणी आयडलचा, म्हणजे रेस न देता उभ्या इंजिनाच्या वेगाचा, स्क्रू पिळून थरथर घालवली, तर त्याला दुरुस्ती समजू नका. आजार तसाच राहतो, डिझेल मात्र जास्त जळतं.

हीच नट सैल करायची युक्ती कॉमन रेलवर कधीही करू देऊ नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो. बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणीएवढी जखम दिसते आणि हात गमवायची वेळ येऊ शकते. असं कोणाला झालंच तर मलम लावत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

कॉमन रेलला, हवा आणि फिल्टर तपासून झाल्यावर, स्कॅनर पहिला. पण नुसते बिघाडाचे कोड वाचून घेऊ नका. आयडलला रेलचा दाब किती मागितलाय आणि प्रत्यक्षात किती मिळतोय, हे विचारा. प्रत्येक सिलेंडरचं करेक्शन (इंजिन सारखं चालावं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर डिझेल किती कमी-जास्त करतोय) किती, तेही विचारा. मोबाईलला जोडायचा स्वस्त डोंगल कारसाठी असतो. मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची आणि तिची भाषाही वेगळी, तेव्हा ट्रकचाच स्कॅनर असलेला माणूस शोधा.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. डिझेल तापून पातळ झालं की झिजलेला पंप आणि झिजलेले इंजेक्टर जास्त गळतात. सकाळी थंड इंजिनावर सगळे आकडे साफ येऊ शकतात. लळिंग किंवा बिजासनचा घाट चढून आल्यावर, दुपारी, इंजिन तापलेलं असताना स्कॅनर लावा. उलट, पहाटेच थरथर आणि पांढरा धूर असेल, इंजिन तापल्यावर सगळं शांत होत असेल, तर हीटर प्लग आणि कॉम्प्रेशनकडे (सिलेंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेच्या दाबाकडे) बघा.

स्कॅनरची मर्यादा मी एकदा भोगली आहे. रेलचा दाब कमी असल्याचा कोड आला आणि पंप बदलायचा सल्ला मिळाला. मिस्त्रीने फिल्टरला येणारी नळी काढून तिथे हातभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू केल्यावर त्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक पळताना दिसले. फिल्टरला नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचं तांब्याचं वॉशर चपटं होऊन गाडी एअर घेत होती. आयडलला प्रत्येक वेळी डिझेल अगदी थेंबभर जातं, त्यात बुडबुडा आला की सिलेंडर चुकतो. रेस दिल्यावर तेच झाकलं जातं. म्हणून गाडी कोणतीही असो, हा अर्ध्या तासाचा तपास, फिल्टर आणि त्यातलं पाणी काढणं, हे पहिलं. स्कॅनरच्याही आधी.

करेक्शन एकाच सिलेंडरचं वाढलेलं असेल तर इंजेक्टर बदलायची घाई नको. मिस्त्री इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत जायच्या वाटेला) सलाईनच्या नळ्या लावून चार बाटल्या टांगतो. पाच मिनिटांत एक बाटली निम्मी भरली आणि बाकीच्यांत बोटभरच आलं, तर तो इंजेक्टर बेंचवर द्या, चारही नको. नवा बसवला तर त्यावर कोरलेला कोड स्कॅनरने गाडीत भरून घ्या. बऱ्याच गाड्यांत तो भरला नाही तर थरथर तशीच राहते.

सगळ्या बाटल्या सारख्या, हवा नाही, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बरोबर, काळा धूर नाही, इजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला नाही, तरी हलतेय? आवाज एकसारखा असेल तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, बघा, ते दबलेलं असतं. आवाजच लंगडा असेल तर चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडा. तिथून धुराचे झोत येत असतील तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरचा दाब खाली गळतोय. तेव्हा गेजने प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि आकडे हातात येईपर्यंत इंजेक्टरच्या दुकानात पैसे देऊ नका.